वय, अनुभव आणि अपघात : वाहनचालकांच्या जोखमीचे विश्लेषण

रस्ते अपघात हा आता केवळ वाहतूक व्यवस्थेचा प्रश्न राहिलेला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा, कुटुंबांच्या आर्थिक सुरक्षिततेचा आणि देशाच्या मनुष्यबळाचाही प्रश्न झाला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, तर ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्या. याचा अर्थ, त्या वर्षी दर तासाला सरासरी १९ जणांनी रस्त्यावर प्राण गमावले. मृतांपैकी ६६.५ टक्के व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, जगभरात ५ ते २९ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे.

ही आकडेवारी वाचल्यावर 'तरुण चालक बेदरकार असतात, म्हणून अपघात होतात' असा निष्कर्ष सहज काढला जातो. वृद्ध चालकाच्या हातून अपघात घडला की 'या वयात गाडी चालवावीच कशाला' असे म्हटले जाते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. वयानुसार अपघाताची जोखीम बदलते हे निर्विवाद आहे. मात्र ती का बदलते, याचे उत्तर प्रत्येक वयात निराळे आहे आणि कारण निराळे असल्यामुळे उपायही निराळा असावा लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सांख्यिकी, मानसशास्त्रीय व शारीरिक बाजूंनी आणि कायद्याच्या संदर्भात विचार केला आहे.

संख्या आणि जोखीम यांतील फरक

सर्वप्रथम आकडेवारी कशी वाचावी हे पाहणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेले ६६.५ टक्के हे प्रमाण अपघातात मरण पावलेल्यांचे आहे, अपघातास कारणीभूत ठरलेल्या चालकांचे नव्हे. मृतांमध्ये पादचारी असतात, सायकलस्वार असतात, दुचाकीवर मागे बसलेले असतात आणि बसमधील प्रवासीही असतात. २०२२ मधील एकूण मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील, तर १९.५ टक्के पादचारी होते. शिवाय १८ ते ४५ हा २८ वर्षांचा विस्तृत गट आहे. आपल्या लोकसंख्येत त्याचा वाटा मोठा असून कामधंद्यानिमित्त तोच सर्वाधिक काळ रस्त्यावर असतो. त्यामुळे मृतांमध्येही त्याचे प्रमाण अधिक असणे स्वाभाविक आहे.

जोखीम मोजायची असेल तर अपघातांच्या संख्येला कशाने तरी भागावे लागते. हा भाजक लोकसंख्या असू शकतो, परवानाधारकांची संख्या असू शकते किंवा प्रत्यक्ष कापलेले अंतर असू शकते. भाजक बदलला की निष्कर्षही बदलतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' गटातील १,००० चालक वर्षाला प्रत्येकी १०,००० किलोमीटर वाहन चालवितात आणि त्यांच्याकडून २० अपघात होतात. 'ब' गटातील १,००० चालक प्रत्येकी २,००० किलोमीटर वाहन चालवितात आणि त्यांच्याकडून ८ अपघात होतात. दर चालकामागे पाहिल्यास 'अ' गट अडीच पट धोकादायक ठरतो. परंतु अंतर विचारात घेतल्यास 'अ' गटाचा दर १० लाख किलोमीटरमागे २, तर 'ब' गटाचा ४ येतो. म्हणजे 'ब' गट दुप्पट धोकादायक ठरतो. विमा कंपनीच्या दृष्टीने पहिले प्रमाण महत्त्वाचे असेल, तर परवान्याचे धोरण ठरविणाऱ्याच्या दृष्टीने दुसरे. वयोगटांची तुलना करताना कोणते प्रमाण वापरले आहे, हे म्हणूनच प्रथम तपासले पाहिजे.

दोन्ही टोकांना चढणारी वक्ररेषा

ज्या देशांत चालकाचे वय आणि त्याने कापलेले अंतर या दोहोंची माहिती दीर्घकाळ गोळा केली गेली आहे, तेथे एक ठळक चित्र दिसते. आडव्या अक्षावर चालकाचे वय आणि उभ्या अक्षावर दर किलोमीटरमागील प्राणघातक अपघात मांडले, तर इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वक्ररेषा तयार होते. कोवळ्या वयात जोखीम सर्वाधिक असते. विशीत ती वेगाने उतरते, तिशीपासून साठीपर्यंत बरीचशी खालच्या पातळीवर राहते आणि सत्तरीनंतर पुन्हा चढू लागते. अमेरिकेत १६ ते १९ वर्षे वयाच्या चालकांचा प्रत्येक मैलामागील प्राणघातक अपघातांचा दर २० वर्षे व त्यावरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आढळला आहे.

या वक्ररेषेची दोन टोके दिसायला सारखी असली, तरी त्यांच्यामागील कारणे अगदी भिन्न आहेत.

तरुण चालक : अनुभव आणि वृत्ती

तरुण चालकाच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे अनुभवाचा अभाव आणि दुसरी म्हणजे वयानुरूप वृत्ती. त्या वेगळ्या करून पाहणे महत्त्वाचे आहे, कारण पहिलीवर सराव हा उपाय आहे, तर दुसरीवर तो पुरेसा नाही.

वाहन चालविणे म्हणजे केवळ क्लच, गिअर आणि ब्रेक यांचा मेळ घालणे नव्हे. हे यांत्रिक कौशल्य काही आठवड्यांत साध्य होते. पुढे काय घडणार आहे, याचा अंदाज बांधण्याचे कौशल्य मात्र हळूहळू येते. थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या पुढून एखादा प्रवासी अचानक रस्ता ओलांडील, चेंडूमागे मूल धावत येईल, कडेला उभ्या रिक्षाचे चाक किंचित वळले म्हणजे ती रस्त्यावर येईल, हे अनुभवी चालकाला आधीच जाणवते. नवशिक्याची नजर मात्र स्वतःच्या वाहनाच्या लगतच्या पुढच्या भागावर खिळलेली असते. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला 'धोका ओळखण्याची चाचणी' जोडली, ती याच कारणासाठी. चित्रफितीत विकसित होत असलेला धोका उमेदवाराने वेळेत ओळखावा, अशी अपेक्षा तीत असते.

अनुभवाचा परिणाम किती मोठा असतो, हे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील नवशिक्या चालकांच्या अभ्यासातून २००३ मध्ये पुढे आले. परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अपघातांचा दर सर्वाधिक होता आणि सातव्या महिन्यापर्यंत तो सुमारे ४१ टक्क्यांनी उतरला. सहा-सात महिन्यांत वय फारसे वाढत नाही, वाढतो तो अनुभव. म्हणजेच सर्वाधिक धोक्याचा काळ हा परवाना हाती पडल्यानंतरचा पहिला काळ असतो.

दुसरा भाग वृत्तीचा. नियोजन, परिणामांचा विचार आणि आवेगावर ताबा या कार्यांशी संबंधित असलेला मेंदूचा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. थरार आणि समवयस्कांची वाहवा यांचे आकर्षण मात्र त्याआधीच तीव्र झालेले असते. याचा परिणाम वाहनात सोबत कोण आहे यावरून स्पष्ट होतो. अमेरिकेतील १६ व १७ वर्षे वयाच्या चालकांविषयीच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की प्रवाशांची संख्या वाढत जाते तसतसा चालकाच्या मृत्यूचा धोकाही वाढतो. एकट्याने वाहन चालविण्याच्या तुलनेत तीन वा अधिक प्रवासी असताना तो सुमारे तिप्पट झाला होता. रात्रीची वेळ, अतिवेग, मद्य आणि मोबाइल फोन हे घटक सर्वच वयांत घातक आहेत. तथापि अनुभव कमी असताना त्यांचा मारा अधिक बसतो, कारण चूक सावरण्याचे कौशल्य अद्याप अंगी आलेले नसते.

वृद्ध चालक : अपघातप्रवणता की शरीराची नाजूकता?

वृद्ध चालक सामान्यतः बेदरकार नसतात. ते वेग कमी ठेवतात, मद्यपान करून क्वचितच वाहन चालवितात आणि रात्री किंवा पावसात प्रवास टाळतात. त्यांची अडचण शारीरिक क्षमतेची असते. वयोमानानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळसर होते. त्यामुळे साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. समोरच्या वाहनाच्या दिव्याने दिपलेले डोळे सावरण्यास अधिक वेळ लागतो. मान वळवून मागे पाहणे कठीण होते आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता मंदावते.

प्रतिसादास लागणाऱ्या वेळेचे गणित सोपे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. ब्रेक दाबण्यास केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तरी वाहन ८ मीटरहून अधिक पुढे जाते. मोकळ्या रस्त्यावर हे अंतर पुढे जाताना वेग कमी ठेवून भरून काढता येते. चौकात मात्र ते शक्य नसते. म्हणूनच वृद्ध चालकांचे अपघात चौकात, विशेषतः समोरून येणारी वाहतूक ओलांडून वळताना अधिक होतात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने हे वळण उजवीकडचे असते.

तरीही वक्ररेषेच्या या टोकाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. समान तीव्रतेच्या धडकेत पंचविशीतील चालकाच्या बरगड्यांना मुका मार बसेल, तेथे पंचाहत्तरीतील चालकाचा मृत्यू ओढवू शकतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी विश्लेषणानुसार, वृद्ध चालकांच्या प्रत्येक मैलामागील वाढीव मृत्युदरापैकी सुमारे ६० ते ९५ टक्के वाटा शरीराच्या या नाजूकतेचा होता. अधिक अपघात करण्याचा वाटा त्या मानाने कमी होता. तसेच वृद्ध व्यक्ती वर्षाला फार थोडे अंतर वाहन चालवितात आणि तेही बहुधा गर्दीच्या शहरी रस्त्यांवर. कमी अंतर चालविणाऱ्यांचा दर किलोमीटरमागील अपघातदर कोणत्याही वयात अधिकच असतो. थोडक्यात, तरुण चालक इतरांसाठी आणि स्वतःसाठी धोका निर्माण करतो, तर वृद्ध चालक प्रामुख्याने स्वतःच धोक्यात असतो.

मधल्या वयाची छुपी जोखीम

तिशी ते साठी या वयात दर किलोमीटरमागील जोखीम कमी असते, परंतु कापलेले अंतर सर्वाधिक असते. मालमोटारी, बस आणि टॅक्सी चालविणारे बहुसंख्य व्यावसायिक चालक याच वयातील आहेत. त्यांच्या बाबतीत थकवा आणि झोपेची कमतरता हे प्रमुख धोके ठरतात. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा घालण्यात आली होती. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला. मर्यादा कागदावर असणे आणि मालमोटारीच्या केबिनमध्ये ती पाळली जाणे यांत मात्र मोठे अंतर राहिले आहे. दोन-तीन रात्रींचे जागरण झालेल्या चालकाला त्याचे वय वा अनुभव यांचा आधार मिळत नाही.

इतर देशांचे अनुभव

नवशिक्या चालकांसाठी न्यूझीलंडने ऑगस्ट १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. प्रथम देखरेखीखालील शिकाऊ परवाना, नंतर रात्रीच्या प्रवासावर व सोबतच्या प्रवाशांवर बंधने असलेला प्रतिबंधित परवाना आणि त्यानंतर पूर्ण परवाना, असे तिचे तीन टप्पे आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये ही पद्धत प्रथम स्वीकारली आणि नंतर ती इतर राज्यांत पसरली. सर्वंकष नियम असलेल्या राज्यांत १६ वर्षे वयाच्या चालकांच्या प्राणघातक अपघातांत लक्षणीय घट झाल्याचे आढळले. जर्मनीने २००७ पासून नवशिक्या आणि २१ वर्षांखालील चालकांसाठी मद्यसेवनाची अनुज्ञेय मर्यादा शून्यावर आणली. अनुभव येईपर्यंत चालकाला अवघड परिस्थितीपासून दूर ठेवावे, हे या सर्व उपायांमागील सूत्र आहे.

वृद्ध चालकांच्या बाबतीत जपानचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २००९ पासून ७५ वर्षांवरील चालकांना परवान्याच्या नूतनीकरणावेळी बोधनक्षमता चाचणी द्यावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली एक माता आणि तिची लहान मुलगी मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर स्वेच्छेने परवाना परत करणाऱ्यांची संख्या त्या वर्षी सुमारे ६ लाखांवर गेली. मे २०२२ पासून विशिष्ट नियमभंग केलेल्या ७५ वर्षांवरील चालकांना प्रत्यक्ष वाहन चालवून दाखविण्याची चाचणीही लागू करण्यात आली.

डेन्मार्कचा अनुभव मात्र वेगळा इशारा देतो. तेथे २००६ मध्ये वृद्ध चालकांसाठी बोधनक्षमता तपासणी सुरू झाल्यानंतर त्यांच्या मोटार अपघातांत घट दिसली नाही. उलट, पायी वा सायकलवर जाणाऱ्या वृद्धांचे मृत्यू वाढल्याचे संशोधकांना २०१२ मध्ये आढळले. मोटार सोडलेली व्यक्ती घरी बसत नाही, ती अधिक असुरक्षित साधनाने रस्त्यावर येते. पर्यायी वाहतूक नसेल, तर बंदीमुळे धोका केवळ जागा बदलतो.

भारतीय कायद्यातील तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. ५० घन सेंटीमीटरपर्यंत इंजिनक्षमतेच्या मोटारसायकलसाठी ते १६, तर परिवहन वाहनासाठी २० वर्षे आहे. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार हलक्या मोटार वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे.

२०१९ च्या सुधारणा अधिनियमाने कलम १९९-अ समाविष्ट केले. अल्पवयीन व्यक्तीने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि संबंधित अल्पवयीनास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप ठेवण्यात आल्याने पालकांच्या जबाबदारीचा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

परवान्याच्या वैधतेचाही वयाशी संबंध आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार ३० वर्षांखालील व्यक्तीचा परवाना वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत वैध असतो. ३० ते ५० या वयात तो १० वर्षांसाठी, ५० ते ५५ या वयात ६० व्या वर्षापर्यंत आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षांसाठी दिला जातो. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नमुना १-अ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करावे लागते.

या तरतुदी एकत्रित पाहिल्यास एक उणीव जाणवते. कायदा १८ वर्षांखालील चालकाला मज्जाव करतो आणि पन्नाशीनंतर नूतनीकरणाचा कालावधी कमी करतो. परंतु ज्या काळात जोखीम सर्वाधिक असते, त्या परवान्यानंतरच्या पहिल्या वर्षासाठी खासगी वाहनचालकावर कोणतेही विशेष बंधन नाही. पक्का परवाना मिळालेला १८ वर्षांचा तरुण त्याच रात्री चार मित्रांना घेऊन द्रुतगती मार्गावर जाऊ शकतो. मद्यसेवनाची मर्यादाही त्याच्यासाठी आणि वीस वर्षांच्या अनुभवी चालकासाठी एकच, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

भारताच्या दृष्टीने विचार

परदेशातील निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. आपल्या तरुणाचे पहिले वाहन बहुधा दुचाकी असते. त्याच्या चुकीला सीटबेल्टचे वा एअरबॅगचे संरक्षण नसते. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. टप्प्याटप्प्याच्या परवान्याचा विचार आपल्याकडे झाल्यास तो दुचाकीपासून सुरू करावा लागेल. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेनुसार ८.६ टक्के असलेले साठीपुढील नागरिकांचे प्रमाण २०३६ पर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. त्यामुळे वृद्ध चालकांचा प्रश्न आज लहान दिसला, तरी तो वाढत जाणार आहे. ठळक फलक, चौकांत उजव्या वळणासाठी स्वतंत्र सिग्नल आणि विश्वासार्ह सार्वजनिक वाहतूक यांचा लाभ मात्र सर्वच वयांना होईल.

या संदर्भात अधिकारविभागणी लक्षात घ्यावी. यांत्रिक वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत, तर इतर रस्ते व पोलीस राज्य सूचीत येतात. सुंदर समितीच्या २००७ मधील शिफारशींनंतर २०१० मध्ये राष्ट्रीय रस्ते सुरक्षा धोरण मंजूर झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे रस्ते सुरक्षेसाठीचे दुसरे कृतिदशक जाहीर केले असून, या काळात मृत्यू व जखमींची संख्या किमान ५० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. केंद्र आणि राज्य यांनी अपघाताच्या नोंदीत चालकाचे वय, परवाना मिळाल्याची तारीख आणि वाहनातील प्रवाशांची संख्या यांचा मेळ घातला, तर आपल्या देशाची स्वतंत्र वक्ररेषा काढता येईल आणि धोरणाला भक्कम आधार मिळेल.

समारोप

वय हे अपघाताचे कारण नसून अनेक कारणांची एकत्रित खूण आहे. तरुण वयात तिच्यामागे अननुभव आणि आवेग असतात, मध्यम वयात थकवा असतो आणि उतारवयात शरीराची मर्यादा असते. पहिल्यासाठी देखरेखीखालील सराव, दुसऱ्यासाठी विश्रांतीचा हक्क आणि तिसऱ्यासाठी नियमित तपासणी व पर्यायी वाहतूक, असे उपाय करावे लागतील. या लेखाचे बहुसंख्य वाचक वक्ररेषेच्या डाव्या टोकाच्या जवळ असतील. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले सहा महिने रात्रीचा लांबचा प्रवास टाळणे, मित्रांच्या घोळक्यासह वाहन न चालविणे आणि हेल्मेट वा सीटबेल्ट नियमाने वापरणे यासाठी कायद्यात बदल होण्याची वाट पाहावी लागत नाही.